राखून ठेवलेला माणूस

उत्तर इंग्लंडातल्या रॉथन गावात सिरिल हॅस्लमला सरळ चालत कोपऱ्यापर्यंत जाणं जमत नसे. पाव आणायला निघाला तरी वाटेत कुणी ना कुणी अडवायचंच. खाटीक दुकानातून बाहेर यायचा, हात पुसत म्हणायचा की मी त्या दिवशी गोलच्या खांबामागेच उभा होतो बरं का. पोस्टमन सायकलवरून उतरायचा. गिरणी सुटली की बायका घोळक्याने थांबायच्या आणि त्यातली एखादी आजी नातीला त्याच्या डाव्या पायाकडे बोट करून दाखवायची. सिरिल हसायचा, टोपीला हात लावायचा, आणि घरी पोचेपर्यंत पाव गार झालेला असायचा.

हे सगळं एका गोलापायी. काही हिवाळ्यांपूर्वी कपाच्या सामन्यात लंडनचा एक बडा क्लब रॉथनला आला होता. त्यांच्या संघात देशाकडून खेळणारे निम्मे, आणि रॉथन टाउन लीगच्या तिसऱ्या विभागात तळाला लोंबकळणारं. जानेवारीतला शनिवार, धुकं असं की समोरचा गोल दिसू नये, आणि मैदानाचा नुसता रबरबाट झालेला. लंडनच्या लोकांना त्या चिखलात पायच उचलता येईनात. शेवटची काही मिनिटं उरली तरी गोल कुणाचाच नव्हता. तेवढ्यात सिरिल डाव्या कडेने बॉल घेऊन सुटला, कोपऱ्याजवळून त्याने लाथ मारली, बॉल धुक्यात वर गेला, गोलकीपरच्या डोक्यावरून खाली वळला आणि आडव्या दांडीला घासून आत पडला. चारही बाजूंनी टोप्या हवेत उडाल्या. पुढच्या फेरीत रॉथन सपाटून हरलं, पण ते गावात कुणालाच आठवत नसे.

खरं काय ते एकट्या सिरिलला माहीत होतं. त्याला गोल मारायचाच नव्हता. मधोमध त्याच्याच संघातला धिप्पाड फ्रँक उभा होता, त्याच्या डोक्यावर बॉल द्यायचा होता. टेकलेला पाय घसरला, बॉल घोट्याला लागून भलतीकडेच गेला, आणि सिरिल तोंडावर आपटला. गोल झाल्याचं त्याला चिखलात पडल्या पडल्या लोकांच्या आरोळीवरून कळलं. त्याच आठवड्यात त्याने दोघातिघांना हे सांगूनही पाहिलं. त्यांनी डोळा मारला. मग त्याने सांगणं सोडून दिलं, आणि खोटं कशाला बोला, पहिलं वर्षभर त्याला हे कौतुक आवडलंही. चोविशीचा पोरगा, खाणकामगाराचा मुलगा. पबमध्ये त्याला कुणी खिशात हात घालू देत नसे.

माविस त्याची बायको. ती मिस्टर क्रॅबट्रींच्या गिरणीत कापूस पिंजायच्या खात्यात लहानपणापासून कामाला होती. क्रॅबट्री गिरणीचे मालक, आणि फुटबॉल क्लबचे अध्यक्षही तेच. सिरिल-माविस राहत ते घर क्लबचं होतं, मैदानाच्या भिंतीसमोर. म्हणजे नवऱ्याचा पगार, बायकोचा पगार आणि डोक्यावरचं छप्पर, तिन्ही एकाच माणसाच्या हातात. लग्न झालं तेव्हा दोघांना ही मोठी सोय वाटली होती.

माविसचा खोकला आधी सोमवारचा होता. रविवारी सुट्टी झाली की सोमवारी खात्यात पाऊल टाकताच छाती आवळायची, मंगळवारी जरा सैल व्हायची. त्या खात्यातल्या बहुतेक बायकांचं तसंच होतं. त्या त्यावर विनोद करत. पण पुढे तिचा सोमवार आठवडाभर लांबायला लागला. चढावर ती मध्येच थांबायची आणि शेजारणीच्या खिडकीतल्या कुंड्या बघतेय असं दाखवायची. सिरिलला ते कळायचं, आणि आपल्याला कळलंय हे तो कळू द्यायचा नाही.

डॉक्टर लोमॅक्सनी तिची छाती तपासली आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. गिरणी सोड, पण नुसती गिरणी सोडून भागायचं नाही, या गावची हवाच धुराची आहे. समुद्राकाठी कुठेतरी जाऊन राहा. माविसने त्यांना विचारलं की तुम्हीही येताय का. डॉक्टर हसले, पण आपलं म्हणणं त्यांनी मागे घेतलं नाही.

त्यात किती तथ्य होतं ते त्याच उन्हाळ्यात दिसलं. गिरण्या आठवडाभर बंद होत तेव्हा अख्खं रॉथन समुद्रकाठी ब्लॅकपूलला जाई. तिसऱ्या दिवशी माविस वाळूतून बूट हातात घेऊन पळाली. सिरिलने तिला पळताना लग्नाआधी पाहिलं होतं, त्यानंतर आत्ताच. त्याला इतका आनंद झाला की तो नुसता उभा राहिला. तेवढ्यात शेजारच्या खुर्चीवरून कुणीतरी हाक मारली. रॉथनचाच एक सुतार, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. त्याने आपल्या मेव्हण्याला दाखवण्यासाठी वाळूत रेघा ओढून मैदान काढलं होतं. "ये रे सिरिल, नेमका कुठून मारलास ते दाखव. हा म्हणतो फार लांबून नव्हता." सिरिलने वाळूत जागा दाखवली. माविस लांब पाण्याच्या कडेला एकटीच उभी राहून त्याची वाट बघत होती.

शरद ऋतूत दक्षिणेकडच्या समुद्रकाठच्या, लीगच्या दुसऱ्या विभागातल्या एका क्लबने सिरिलला मागितलं. डाव्या कडेला पळणारा माणूस त्यांना हवा होता. रॉथनच्या मॅनेजरला, प्रेस्कॉटला, यात काही वावगं वाटेना. त्याच्याकडे त्याच जागेला एक नवा, चपळ खेळाडू आला होता आणि सिरिल बहुतेक वेळा राखीव संघात खेळे. कपाचा सामना आला की मात्र अध्यक्षांच्या आग्रहाखातर सिरिल संघात यायचा, सणाला कपाटातली चांगली भांडी काढावीत तसा. प्रेस्कॉट म्हणाला, माझी हरकत नाही, पण साहेबांना तूच भेट.

क्रॅबट्री गिरणीतल्या आपल्या खोलीत बसले होते. लठ्ठ, लालबुंद, मनाने मोकळा माणूस. त्यांनी सिरिलला खुर्ची दिली, चहा मागवला, माविसची चौकशी केली. सिरिलने डॉक्टरांचं सांगितलं, त्या क्लबचं सांगितलं. क्रॅबट्री सगळं ऐकत राहिले.

"माविसला खात्यातून काढून ऑफिसात बसवतो," ते म्हणाले. "उद्यापासून. धूळ नाही, काही नाही."

"डॉक्टर म्हणतात हवाच बदलायला हवी, साहेब."

"मग तिला महिनाभर पाठव ब्लॅकपूलला. माझ्या बहिणीचं घर आहे तिथं." त्यांनी चहात साखर ढवळली. "तुला मात्र नाही सोडता यायचं, सिरिल. तुला विकलं तर सोमवारी माझ्या गिरणीत एक साचा हलणार नाही. आणि खरं सांगू? मलाच नको आहे. माझा बाप त्या दिवशी खुर्चीवरून उठून उभा राहिला होता. दोन वर्षं उठला नव्हता तो. पुढच्या आठवड्यात गेला, पण हसत गेला."

सिरिलने कप खाली ठेवला. मग तो म्हणाला, "माझा करार उन्हाळ्यात संपतो."

"करार संपतो रे. नोंद संपत नाही." क्रॅबट्रींनी हे दरडावून नाही, समजावून सांगितलं. "तू आमच्याकडे नोंदलेला आहेस. आम्ही सोडल्याशिवाय लीगमधला कुठलाही क्लब तुला घेऊ शकत नाही. तू सही नाही केलीस तर पगार बंद, आणि खेळणंही बंद. हा नियम मी केलेला नाही, पोरा. मी शाळेत होतो तेव्हापासून आहे."

निघताना त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि फाटकापर्यंत सोडायला आले. सिरिलला या माणसाचा राग करावा असं फार वाटत होतं, पण राग धरून ठेवायला कुठे कडाच सापडत नव्हती.

माविस ऑफिसात बसायला लागली. तिथली खिडकी गिरणीच्या धुराड्याकडे उघडायची. खोकला जरासुद्धा हटला नाही.

त्या जानेवारीत, गोलाच्या वाढदिवसाला, रविवारी दुपारी चाहत्यांचं दरवर्षीचं जेवण होतं. कामगार क्लबच्या दिवाणखान्यात लांबलचक टेबलं, मांस भरलेल्या पाई, उकडलेले वाटाणे, बिअरचे जग. दरवर्षी सिरिलने उठायचं, दोन शब्द बोलायचे आणि लोकांनी टेबलं बडवायची अशी रीत होती. सिरिलच्या मनात काही दिवस एक विचार घोळत होता. या लोकांनी मला कशासाठी धरून ठेवलंय? त्या गोलासाठी. मग तोच मोडून टाकला तर? निराश होतील, शिव्या घालतील, पण हात तरी सोडतील. त्याने माविसलाही सांगितलं नव्हतं.

तो उठला. म्हणाला, "आज मी खरं काय ते सांगणार आहे. तो गोल मला मारायचाच नव्हता. फ्रँककडे द्यायचा होता. माझा पाय घसरला. बॉल घोट्याला लागला आणि गेला. मी तर बघितलाही नाही."

काटे-चमचे थांबले. सिरिलच्या छातीवरचं ओझं क्षणभर खरोखरच हललं.

मग टोकाच्या टेबलावरचा एक म्हातारा, निवृत्त विणकर, शांतपणे म्हणाला, "तुला माहीत नसेल. तुझ्या पायाला माहीत होतं."

आणि हसण्याचा असा लोंढा आला की भिंतीवरच्या तसबिरी हलल्या. लोकांनी टेबलं बडवली. क्रॅबट्रींनी डोळे पुसत शेजाऱ्याला सांगितलं, बघा, असा आहे आमचा पोरगा, एवढं करून अंगाला गर्व लावून घेत नाही. दोघांनी सिरिलला खांद्यावर घेतलं. छताशी तंबाखूचा धूर साचला होता, त्यात त्याचं डोकं बुडालं. खाली गर्दीत त्याला माविस दिसली. ती एकटीच हसत नव्हती.

घरी जाताना दोघं चढावर थांबली. माविस कुंड्या बघत नव्हती. तिने सरळ भिंतीला पाठ टेकली आणि श्वास जागेवर येईपर्यंत डोळे मिटून उभी राहिली. "मला सांगितलं असतंस तर मी तुला बसवलं असतं खाली," ती एवढंच म्हणाली.

उन्हाळ्यात करार संपला. सिरिलने सही केली नाही. गावात याआधी असं कुणी केलं नव्हतं. पगार थांबला. आता घर सोडायला सांगतील म्हणून माविसने भांडी खोक्यात भरून ठेवली, पण क्रॅबट्रींनी निरोप पाठवला की घरात खुशाल राहा, मन बदललं की ये, सही कर, मी वाट बघतो. माविसने भांडी पुन्हा फळीवर लावली. त्या दिवशी ती भांडी जरा आपटूनच लावत होती.

सिरिल कोळशाच्या वखारीत लागला. गोणी पाठीवर घेऊन घरोघरी टाकायची. गावाला वाटलं तो रागावलाय, आणि रागावलेल्या लाडक्या पोराशी वागावं तसं गाव वागायला लागलं. उंबऱ्यावर न सांगता कुणी मांसाच्या पाईची थाळी ठेवून जाई, कुणी अंडी. वखारवाल्याचा धंदा वाढला, कारण कोळसा संपलेला नसताना बायका कोळसा मागवत आणि सिरिल आला की आत बोलवत. "बस रे दोन मिनिटं. आमच्या ह्यांना सांग ना तो गोल." काळ्या हातांनी तो कप धरायचा आणि सांगायचा. एका घरात त्याने चुकून उजवीकडून पळालो असं सांगितलं, तर त्या घरातल्या आठ वर्षांच्या मुलीने त्याला दुरुस्त केलं.

सामन्यांचा मोसम सुरू झाला. शनिवार दुपार सगळ्यात वाईट. घराच्या खिडकीतून मैदानाची भिंत आणि तिच्यावरचं आभाळ एवढंच दिसे. प्रेक्षकांच्या लाकडी खुळखुळ्यांची कडकड ऐकू येई, मग आरोळी चढत जाई आणि सिरिलचे पाय टेबलाखाली आपोआप हलू लागत. तो सत्ताविशीत होता. खेळाडूच्या पायांत किती वर्षं असतात हे त्याला ठाऊक होतं, आणि ती या खोलीत, या खुर्चीवर खर्च होत होती. माविस समोर बसून विणत असे. तिचा खोकला आला की तो भिंतीकडे बघायचा, आरोळी आली की ती त्याच्याकडे बघायची. कधी कधी दोन्ही एकदम यायची.

अशाच एका शनिवारी सामना संपल्यावर सेथ आला. सेथ हा क्लबचा जुना ट्रेनर, खेळाडूंचे पाय चोळणारा, बादली आणि स्पंज घेऊन मैदानात धावणारा. त्याच्या अंगाला कायम मलमाचा वास. तो सहसा कुणाच्या घरी जात नसे. खुर्चीत बसला आणि बराच वेळ टोपी फिरवत राहिला.

"तुझी मांडी बघू," तो म्हणाला. सिरिलने पाय पुढे केला. सेथने अंगठ्याने दाबून पाहिलं. "अजून आहे यात. दोन-तीन वर्षं नक्की. पण वखारीत पाठ जाईल आधी."

"मग काय करू? सही करू?"

"मी असं म्हणालो का?" सेथने दाराकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला. लीगच्या बाहेरही क्लब असतात, तो सांगू लागला. दक्षिणेकडे तर पुष्कळ. छोट्या गावांचे. त्यांच्यावर लीगचा नियम चालत नाही, क्रॅबट्रींची नोंद त्यांच्या कुंपणाशी संपते. हॅलकूम म्हणून एक गाव आहे, समुद्रावर, तिथला ट्रेनर लढाईत माझ्याबरोबर होता. त्याला मी विचारलंय. खेळायला घेतील, आणि नगरपालिकेच्या बागांत गवत कापायचं काम देतील, राहायला दोन खोल्या.

"आणि परत लीगमध्ये?"

"परत दार नाही. या लोकांनी सोडलं तरच. आणि हे सोडणार नाहीत." सेथ उठला. "मी आलो होतो हे बोलू नकोस कुठं. मला पेन्शनपर्यंत पोचायचंय."

तो गेल्यावर सिरिल उत्साहाने बोलायला लागला. समुद्र, दोन खोल्या, तुझी छाती सुटेल, डॉक्टर म्हणालेच होते. माविस विणकाम मांडीवर ठेवून ऐकत होती. तिचा चेहरा काही उजळला नाही.

"मी नाही येणार," ती म्हणाली.

सिरिलला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"तू माझ्या खोकल्यासाठी फुटबॉल सोडणार. तिकडं म्हाताऱ्या पेन्शनरांसमोर गवताळ माळावर खेळणार. आणि दर शनिवारी मी तुझं तोंड बघणार. नाही सिरिल. माझी छाती मी बघून घेईन. तुझं आयुष्य माझ्या डोक्यावर नको ठेवूस."

"पण साहेबांकडे गेलो ते तुझ्यासाठीच..."

"हो. तेव्हाही माझंच नाव सांगितलंस. त्या दिवशी जेवणात मात्र माझं नाव नव्हतं. उभा राहून काय सांगितलंस ते? ते माझ्यासाठी होतं का?"

बाहेरून सामन्याहून परतणाऱ्या लोकांचे बूट वाजत होते. कुणीतरी जाता जाता खिडकीवर टकटक केलं आणि "सिरिल!" म्हणून प्रेमाने हाक मारली. त्याने मान वळवली नाही. त्याला आठवत होतं ते खांद्यावर बसून धुरात डोकं बुडालेलं असताना वाटलं ते: की मी इथेच मरणार, आणि मेल्यावरही हे लोक मला खाली उतरवणार नाहीत. त्या वेळी त्याच्या मनात माविस नव्हती, खोकला नव्हता, समुद्र नव्हता.

"मला इथून जायचंय," तो शेवटी म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "तुझा खोकला नसता तरी जायचं होतं. मला त्या गोलाची शिसारी आलीय, माविस. लोक चांगले आहेत, त्यांचीही आलीय. हे कुणाला सांगणार? म्हणून तुझा खोकला पुढं केला मी."

माविसने लोकरीचा गुंडा गुंडाळून पिशवीत टाकला.

"मग येते," ती म्हणाली. "आधीच सांगायचं की."

निघायच्या दिवशी सकाळी सिरिल पेटी घेऊन दारात उभा राहिला. बायका आपापल्या पायऱ्या घासत होत्या. बातमी फुटली होती. कुणी मान वर केली नाही. खाटीक दुकानाच्या काचेमागे पाठमोरा उभा होता. इतकी वर्षं ज्या रस्त्यावरून त्याला मोकळं चालायचं होतं तो रस्ता आता अगदी मोकळा होता, आणि ते त्याला सोसवेना. माविसने त्याच्या दंडाला धरलं, आणि तिने चालायला लावलं म्हणून तो चालला.

कोपऱ्यावर क्रॅबट्रींची मोटार उभी होती. त्यांनी स्वतः उतरून पेटी मागे ठेवली आणि दोघांना स्टेशनवर सोडतो म्हणाले. नाही म्हणायलाही सिरिलला सुचलं नाही. स्टेशनच्या आवारात गाडी थांबल्यावर क्रॅबट्री समोरच्या काचेतून बघत म्हणाले, "तुझं नाव मी क्लबच्या यादीत राखून ठेवणार आहे, बरं का. दर उन्हाळ्याला."

"कशाला आता, साहेब? मी काही परत येत नाही."

"माहीत आहे. पण असू दे तिथं." त्यांनी नाक शिंकरलं. "दुसऱ्या कुणाच्या यादीत मला ते बघवणार नाही."

सिरिल या माणसाकडे पहिल्यांदाच नीट बघत होता. एवढी गिरणी, एवढं गाव ताब्यात, आणि याचाही त्या एका दुपारमधून पाय निघत नव्हता. त्याने हात पुढे केला. क्रॅबट्रींनी तो दोन्ही हातांत धरला आणि जरा जास्तच वेळ धरून ठेवला. माविसने पेटी उचलली तेव्हा कुठे सोडला.

हॅलकूमचं मैदान टेकडीच्या उतारावर होतं. बॉल सुटला की खालच्या बाजूला कोबीच्या शेतात जायचा. पहिल्या सामन्याला दोन-तीनशे माणसं असतील, बहुतेक कोळी आणि दुकानदार, एका बाजूला बांधावर उभी. माविस त्यांच्यातच उभी होती, डोक्याला रुमाल बांधून. समुद्राचा वारा इतका जोराचा की कोपऱ्यावरचे झेंडे आडवे झाले होते.

सिरिल अजिबात चांगला खेळला नाही. वखारीने पाठ आखडली होती, आणि उतारावर पळायची सवय नव्हती. पहिल्याच धावेत बॉल त्याला सोडून पुढे गेला. दुसऱ्यांदा समोर मोकळा गोल असताना त्याने तो आकाशात मारला.

बांधावरून एक मासेवाला ओरडला, "अरे ए लाकडाच्या! कुठून आणलाय रे हा? परत पाठवा याला!" बाकीचे खो खो हसले. आणखी एकाने शिट्टी मारली.

सिरिल जागच्या जागी थांबला. गेल्या कित्येक वर्षांत त्याला मैदानावर कुणी शिवी दिली नव्हती. त्याने बांधाकडे पाहिलं. तो माणूस मनापासून चिडला होता. त्याला सिरिल कोण हे माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायचंही नव्हतं, त्याला फक्त गोल हवा होता. सिरिलच्या पोटातून हसू वर आलं. ते दाबत तो पुन्हा आपल्या जागेवर धावत गेला. पाय हलके झाले असं काही नाही. तो उरलेला सामनाही वाईटच खेळला. पण खेळला.

मासेवाल्याने शेजारच्या बाईला विचारलं, "कोण आहे हा, माहीत आहे का तुम्हाला?"

"नाही बाई," माविस म्हणाली. "नवा दिसतोय."

पुढे सिरिल तिथे चार-पाच मोसम खेळला, गुडघा जाईपर्यंत. चांगले सामने थोडे, बरे पुष्कळ. माविसची छाती पूर्ण कधीच सुटली नाही. गिरणीची धूळ आत राहते ती राहतेच. पण ती चढ न थांबता चढायची, आणि हिवाळ्यात दोन महिने सोडले तर तिचं बरं चाले. मासेवाला पुढे त्यांचा चांगला स्नेही झाला आणि शेवटपर्यंत सिरिलला लाकडाच्या म्हणूनच हाक मारत राहिला. रॉथनहून दर उन्हाळ्याला निरोप येई की नाव राखून ठेवलं आहे. क्रॅबट्री वारले त्या वर्षीही आला. त्यांच्या जागी आलेल्यांनी बहुधा न वाचताच पुढे चालवलं असावं.

सिरिल छत्तिशीत होता तेव्हा कुठल्याशा मोठ्या क्लबचा एक खेळाडू कोर्टात गेला आणि न्यायाधीशांनी खेळाडूला नोंदीने बांधून ठेवणारा तो नियम मोडीत काढला. माविसने पेपरमधली बातमी नाश्त्याच्या टेबलावर मोठ्याने वाचली. सिरिल बूट घालत होता, गवत कापायला निघायचं होतं.

"म्हणजे मी सुटलो?" त्याने विचारलं.

"सुटलास," माविस म्हणाली.

त्याने थोडा विचार केला. आता रॉथनला जाऊन कुणाला तरी हे सांगावं असं त्याला वाटलं, पण कुणाला ते आठवेना. बाहेर पावसाची भुरभुर होती. ओलं गवत कापता येत नाही, म्हणून त्याने बूट काढले आणि चहाचा आणखी एक कप मागितला.